रुपया घसरला की पेढे

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, अर्धापूरला केळी लावतात. सकाळी उठल्याबरोबर ते मोबाईलवर दिरहमचा भाव बघतात. आधी भाव, मग चहा, मग बाग. त्यांचा मुलगा, माझा भाचा, तेव्हा दुबईला फळांच्या एका थंड गोदामात सुपरवायझर होता आणि त्याचा पगार दिरहममध्ये होत होता. दाजींना दिरहम म्हणजे काय हे त्याआधी माहीत नव्हतं. नंतर मात्र नांदेडच्या सराफाला सोन्याचा भाव जसा तोंडपाठ असतो तसा त्यांना दिरहमचा असायचा.

एक दिरहम आणखी एका रुपयाने महागला की मला फोन यायचा.

"मास्तर, बावीस झाला."

"हो का?"

"हो का काय? पोराचा पगार वाढला. पेढे पाठवून राहिलो, घेऊन जावा."

पेढे खरोखरच यायचे. त्यांच्या गावातली बरीच मुलं लातूरला शिकवणीला असतात. त्यांतलं कुणीतरी बसने येताना डबा घेऊन यायचं आणि मी बसस्टँडवर जाऊन तो ताब्यात घ्यायचो. एकवीसला आले, बावीसला आले, तेवीसलाही आले. गल्लीत वाटताना आमची सौभाग्यवती सांगायची, "भाच्याचा पगार वाढला." शेजारी विचारायचे, "परत?" त्या 'परत'मध्ये थोडा हेवा असायचा. मी तिथेच उभा असायचो आणि चेहरा शक्य तितका साधा ठेवायचो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. लातुरात हे सांगताना आवाज जरा खाली येतो, कारण इथे सगळं गाव डॉक्टर-इंजिनिअर व्हायच्या मागे आहे आणि माझ्या वर्गात उरलेली मुलं बसतात. त्यात मला फार लवकर अपराधी वाटतं. वर्गातला पंखा बंद पडला तरी तो माझ्यामुळे पडला असं मला दिवसभर वाटत राहतं. त्यामुळे दाजींचा पेढा तोंडात टाकताना माझी काय अवस्था होत असेल बघा. दाजी ज्याला पगारवाढ म्हणत होते ती पगारवाढ नव्हती. भाच्याला तिकडे जितके दिरहम मिळत होते तितकेच मिळत होते. रुपयाची किंमत कमी झाली होती, म्हणून तेवढेच दिरहम इकडे आल्यावर जास्त रुपये दिसत होते. हे मला कळत होतं, आणि कळत असताना मी दुसरा पेढा उचलत होतो.

तेवीसचा डबा आला त्याच आठवड्यात वर्गात एका मुलीने हात वर केला. ही मुलगी निलंग्याकडची. पहिल्या बाकावर बसते आणि सरांना अडचणीत आणायला तिला मनापासून आवडतं.

"सर, टीव्हीवर सांगतात की आपली अर्थव्यवस्था जगात अमक्या नंबरवर आहे. तो नंबर डॉलरमध्ये काढतात ना?"

"हो. सगळ्या देशांची तुलना करायची तर एकाच चलनात मोजावं लागतं."

"काल रुपया घसरला. मग आपण रात्रीतून गरीब झालो का?"

मागून एकजण म्हणाला, "मी तर आधीपासूनच आहे." वर्ग हसला.

मला हा प्रश्न फार आवडला. मी फळ्यावर सोयाबीनचं पोतं काढलं. माझी चित्रकला अशी की मुलांना ती उशी वाटली. म्हटलं, समजा आपल्या देशात वर्षभरात नुसतं सोयाबीनच पिकतं. गेल्या वर्षी शंभर पोती झाली, यंदा एकशेपाच. मग आपण किती वाढलो?

"पाच टक्के."

"बरोबर. आता समजा पोत्याचा भावही वाढला. रुपयात मोजलं तर वाढ जास्त दिसेल. पण ती भाववाढीची सूज आहे. ती उतरवायची आणि मग उरते ती खरी वाढ. देश वाढला की नाही हे असं आपल्याच चलनात, भाववाढ वजा करून बघायचं. आता हीच पोती डॉलरमध्ये सांगायची ठरली आणि रुपया घसरला, तर डॉलरचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा लहानही येईल. पोती मात्र एकशेपाचच."

"म्हणजे डॉलरचा आकडा खोटा?"

"खोटा नाही. बाहेरून तेल आणायचं, मशीन आणायचं, तर डॉलरच लागतात. तिथे तो आकडा खरा आहे. पण इथलं पोट किती भरलं हे विचारायचं असेल तर त्याचा उपयोग नाही. त्यासाठी तिसरी रीत आहे. एक टोपली घ्यायची. तिच्यात दूध, तांदूळ, खोलीचं भाडं, केस कापायचे पैसे. ही टोपली तिकडे कितीला भरते आणि इकडे कितीला, ते बघायचं आणि त्या हिशेबाने तुलना करायची."

"सर, मग टीव्हीवाले यातलं कोणतं सांगतात?"

"त्या दिवशी जे बरं दिसेल ते," मी म्हणालो. मुलं पुन्हा हसली आणि मला उगाच आपण चांगले शिक्षक असल्यासारखं वाटलं.

घरी आलो तर टेबलावर डबा. शेवटचा पेढा माझ्यासाठी ठेवला होता. वर्गात ज्या रुपयाच्या घसरणीने देश लहान दिसत होता, त्याच घसरणीने अर्धापुरात माझा भाचा मोठा होत होता. मुलीला जे सांगितलं ते दाजींना फोन करून सांगावं असं वाटलं. मग वाटलं, त्यांचं काय बिघडतंय? माणूस खूश आहे. मी पेढा खाल्ला.

त्या मार्गशीर्षात भाचा महिनाभराच्या रजेवर आला. विमान हैदराबादला उतरलं. तिथून तो सरळ अर्धापूरला जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं. त्याने घरी सांगितलं की एका मित्राचं सामान लातूरला पोचवायचं आहे, आणि रात्रीच्या गाडीत बसून पहाटे माझ्या दारात उभा राहिला. मित्राचं सामान म्हणजे खजुराची दोन पाकिटं होती आणि ती त्याने माझ्याच हातात ठेवली.

चहा झाल्यावर तो म्हणाला, "मामा, जरा बाहेर जाऊन येऊ."

आम्ही गंजगोलाईच्या बाजूला चालत गेलो. दुकानं अजून उघडायची होती. झाडूवाल्या बायका रस्ता झाडत होत्या. तो माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिला. मग म्हणाला, "मला परत यायचंय. कायमचं. आबाला तुम्ही सांगा." आबा म्हणजे आमचे दाजी.

"अरे, पण का? पगार..."

"तुम्ही पण पगार म्हणताय मामा? तुम्ही तर हेच शिकवता." तो पुढे म्हणाला, "आबा माझा पगार रुपयात बघतो. मी तिथं रुपयात जगत न्हाई. मी गेलो तेव्हा जेवढे दिरहम होते तेवढेच आज हायेत. मालक म्हणतो पुढच्या वर्षी बघू. भाडं मात्र दरवर्षी वाढतं. केस कापायचे वाढले, जेवणाचे वाढले."

"पण तुझी खोली तर..."

"खोली कधीच गेली. ह्या दोघी परत आल्या तेव्हाच सोडली."

त्याची बायको आणि लहान मुलगी वर्ष-दीड वर्ष त्याच्याजवळ राहून अर्धापूरला परतल्या होत्या. मुलीला तिथली एसीची हवा मानवत नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. माझ्या बहिणीने, अक्काने, तेव्हा नातीसाठी काढेही केले होते. खरं कारण भाडं होतं. आता तो एका खोलीत सहाजणांबरोबर राहत होता, एकावर एक असलेल्या लोखंडी पलंगांवर. त्याचा पलंग वरचा.

"व्हिडिओ कॉल करताना मी जिन्यात येऊन बसतो," तो म्हणाला. "आबा विचारतो, मागं भिंत कशाची? म्हणतो, बाल्कनी हाय."

मुलगी आता चार-पाच वर्षांची. रोज संध्याकाळी अक्का तिच्यासमोर मोबाईल धरून म्हणते, "बाबाला नमस्कार कर." ती मोबाईलला डोकं टेकवते आणि खेळायला पळते. हे मीही पाहिलं होतं आणि आम्ही सगळे त्यावर हसलो होतो. भाच्यानेही ते सांगितलं, पण हसला नाही.

परत येऊन काय करणार हे त्याचं ठरलेलं होतं. गावाकडे केळी पिकवायचं चेंबर टाकायचं. हिरवी केळी थंड खोलीत ठेवून ठरावीक गॅस सोडून पिकवतात, ते काम त्याला तिथे राहून चांगलं येत होतं. गोदामातल्या ओळखीने नांदेडचे दोन व्यापारी माल घ्यायला तयार होते. स्वतःची शिल्लक होती. फक्त आबांना सांगायचं धाडस नव्हतं.

"रुपयात बघितलं तर सुरुवातीला निम्मेपण मिळणार न्हाईत. आबा म्हणेल, लोक काय म्हणतील. एवढे पेढे वाटलेत."

मी तिथेच, बंद दुकानाच्या पायरीवर, त्याला माझी टोपली भरून दाखवली. स्वतःच्या दाराची एक खोली, रोजचं दूध, रविवारचं मटण, पोरीची शाळा, आणि केस कापणं. दुबईत त्याच्या पगारात यातलं काय काय बसतं, अर्धापुरात निम्म्या पैशात काय काय बसतं. खोली आणि शाळा तिकडच्या टोपलीत बसतच नव्हत्या. इकडे सगळं बसून वर थोडी जागा राहत होती. माझ्या आयुष्यात अर्थशास्त्र इतकं सरळ चालल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"असंच सांगा आबाला," तो म्हणाला.

"सांगतो. येळवशीला सगळे शेतावर येणारच आहेत. जेवणं झाली की सांगतो."

शब्द देताना मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं दुपारपर्यंत टिकलं.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या लातूरकडे त्या दिवशी शहरात चिटपाखरू नसतं. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात जातो, ज्याला नाही तो ओळखीच्याच्या. आमची जमीन शिरूर अनंतपाळच्या पुढे आहे. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधतात, आत पाच दगड मांडून त्यांची पूजा करतात आणि मग जेवायचं. भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातलं अंबील. भज्जी म्हणजे तेलात तळतात ती नव्हे. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे, शेतातल्या भाज्या, सगळं चिंचेच्या आणि पिठाच्या पाण्यात शिजवलेलं. अर्धापूरकडे केळीच्या बागा, त्यामुळे अक्काला माहेरच्या येळवशीची भारी ओढ. दरवर्षी ती सगळं घर घेऊन येते.

त्या वर्षी दाजींची जीप बांधावर थांबली आणि पहिल्यांदा उतरला तो पेढ्यांचा डबा.

"मास्तर," दाजी लांबूनच म्हणाले, "चोवीस."

माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. भाचा जीपच्या मागच्या बाजूला जाऊन उगाच टायर बघायला लागला.

जेवणं रंगली. गावातले चार-सहा लोक, भाडेकरू, माझ्या कॉलेजचे दोन शिक्षक, कोण कोण येऊन जेवून गेलं. दाजींनी प्रत्येकाला मुलाची ओळख करून दिली. "हा दुबईला असतो. गेला तेव्हा सतरा-अठरा होता, आता बघा, चोवीस झाला." एकाने विचारलं, वय का? दाजी म्हणाले, वय कसलं, भाव.

मंडळी पांगली तेव्हा कोपीच्या सावलीत आम्ही घरचेच उरलो. दाजी घोंगडीवर आडवे, अक्का मडकं झाकत होती, सून भांडी गोळा करत होती. भाच्याची मुलगी हरभऱ्यात बसून घाटे सोलत होती. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाकरलो.

आता साधं एक वाक्य बोलायचं होतं, की दाजी, पोराला घरी यायचंय. पण सव्वीस वर्षं मी तासिकाच घेत आलोय.

"दाजी," मी म्हणालो, "समजा, तुमच्या बागेत घडाचं वजन वाढलं नाही. तेवढंच राहिलं."

"का बरं? यंदा घड चांगला हाय."

"समजा म्हणतोय. वजन तेवढंच, पण भाव वाढला. तर तुमची बाग वाढली का?"

"पैसे वाढले की."

"पैसे वाढले, पण समजा खत महाग झालं, मजुरी महाग झाली..."

"समजा कशाला? झालंच हाय." दाजी उठून बसले. "खताचं म्हणता का? गोणीचा भाव काय झालाय ठाऊक हाय का तुम्हाला? आन् वर दुकानदार म्हणतो, ही गोणी पाहिजे तर ती बाटली पण घ्या." पुढची दहा मिनिटं खतावर गेली. मला ते थांबवता येईना, कारण विषय मीच काढला होता.

अक्का म्हणाली, "त्याला काहीतरी सांगायचं हाय. बोलू द्या."

मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी देशापासून. राष्ट्राचं उत्पन्न, त्यातली भाववाढीची सूज, विनिमय दर. बोटाने मातीत आलेखही काढला. दाजी त्याच्याकडे गंभीरपणे बघत होते. मी म्हणालो, "म्हणजे एखाद्याचं उत्पन्न एका चलनात वाढताना दिसतं आणि प्रत्यक्षात त्याची वाढ शून्य असते. कधी कधी तर उणे."

दाजींनी आलेखावरून नजर काढली आणि मुलाकडे बघितलं.

"पोरा, तुला कामावरून काढलं का?"

सुनेच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"न्हाई आबा."

"मग मामा इतकं लांबून लांबून का बोलून राहिला? कुणी मेल्याचं सांगताना असं बोलतेत. खरं सांग, काढलं का?"

"न्हाई काढलं."

"दाजी, तसं नाही, मी फक्त सैद्धांतिक..."

"तुम्ही थांबा मास्तर. तुमच्या तासाला पोरं झोपत असतील."

"झोपतात," मी म्हणालो.

मी आणखी काही बोलायच्या आत भाचाच बोलला. हे बरं झालं, आणि त्याच्यावर ही वेळ मी आणली हे वाईट झालं. मला अजून ठरवता आलेलं नाही की माझी चूक मोठी की उपयोग मोठा. तो म्हणाला, "आबा, मला घरी यायचंय. माझा पगार वाढला न्हाई. गेलो तेव्हा होता तेवढाच हाय. तुम्हाला जे जास्त दिसतेत ते रुपये रुपयाच्या घसरणीचे हायेत. माझे न्हाईत."

दाजी काही वेळ घोंगडीवरचे दोरे काढत बसले.

"राहतो कुठं?"

"खोलीत."

"कितीजण?"

"मला धरून सात."

"आन् ती बाल्कनी?"

"जिना हाय."

अक्काने पदर तोंडाला लावला. दाजींनी तिच्याकडे बघायचं टाळलं. "सूनबाई होती तेव्हा?"

"तेव्हा एक खोली होती. आमची."

"म्हणजे पगार हाय तेवढाच, आन् खोली गेली."

"हाव."

"आन् मी इकडं पेढे वाटून राहिलो."

मग दाजी हळूच माझ्याकडे वळले. हे येणार हे मला माहीत होतं. "मास्तर, तुम्ही तर हेच शिकवता. तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का न्हाई?"

कितीतरी उत्तरं मनात होती. तुमचा आनंद, माझा भिडस्त स्वभाव, नात्यातली जागा. पण त्या घोंगडीवर त्यातलं एकही टिकलं नसतं.

"पेढे चांगले होते, दाजी."

पहिल्यांदा अक्का हसली, पदरातच. मग माझी बायको. सून भांड्यांच्या बाजूला तोंड करून हसत होती, तिच्या खांद्यांवरून ते कळत होतं. दाजी हसले नाहीत. ते उठले, चपला घातल्या आणि बांधाबांधाने चालायला लागले. भाचा मागे जायला निघाला तर अक्का म्हणाली, "जाऊ दे त्यांला. फिरून येतेत."

ते शेताच्या पार टोकाला गेले. ज्वारी कमरेएवढी होती, तिच्यावर त्यांचा पांढरा रुमाल तेवढा दिसत होता. एका जागी बराच वेळ थांबला, मग पुढे सरकला. मी मनातल्या मनात माफीची भाषणं तयार केली. भाचा उंडा हातात घेऊन बसला होता, खात नव्हता. चार-पाच महिन्यांनी आपण कुठे असू, जिन्यात की घरात, हे त्या रुमालाकडे बघून ठरवायचा प्रयत्न करत असावा. मीही तेच करत होतो.

दाजी परतले तेव्हा त्यांच्या हातात हरभऱ्याचा डहाळा होता. तो त्यांनी नातीला दिला. मग घोंगडीवर बसून, मुलाकडे न बघता म्हणाले, "चेंबरला लाईट लई लागते म्हणतेत. कनेक्शन कुठून घेणार?"

भाच्याने उंडा खाली ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं चेंबरचं?"

"सूनबाई दोन महिने झाले, चेंबरचे व्हिडिओ बघून राहिली. मला काय कमी दिसतं का?"

सून आत कोपीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. बापलेकाचं विजेच्या कनेक्शनवरून भांडण सुरू झालं. जनित्र घ्यावं की नाही, रस्त्यालगतची जागा बरी की बागेतली. दोघेही आवाज चढवून बोलत होते आणि त्या आवाजात मला फार शांत वाटत होतं. पेढ्यांच्या डब्याची मला आठवण झाली तेव्हा तो नातीच्या मांडीवर उघडा होता. तिने प्रत्येक पेढ्याचा एकेक घास खाऊन परत ठेवला होता. दाजींनी त्यातलाच एक अर्धवट पेढा उचलला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "घ्या. तुम्हाला आवडतेत."

मी घेतला.

भाचा एकदा परत गेला, नोटिशीचे दिवस भरले आणि उन्हाळ्याच्या तोंडाला कायमचा आला. चेंबर उभं राहिलं. पहिल्या खेपेला गॅस जास्त सुटला आणि निम्मी केळी एका रात्रीत काळी पडली. दाजींनी ती गावभर फुकट वाटली आणि मला फोन करून सांगितलं की दुबईची विद्या थोडी कच्ची आहे. दुसरी खेप बरी निघाली. आता नांदेडच्या बाजारात त्यांचा माल नावाने ओळखतात, असं अक्का म्हणते. अक्काचं म्हणणं भाववाढीची सूज उतरवून घ्यावं लागतं, पण वाढ आहे.

दाजींची सवय गेलेली नाही. परवा सकाळी फोन आला.

"मास्तर, रुपया पुन्हा घसरून राहिला. हे आपल्याला बरं की वाईट?"

"तुमची केळी बाहेर जातात का?"

"अजून न्हाई. नांदेडलाच जातेत."

"आणि चेंबरचं मशीन?"

"त्याचे भाग बाहेरून येतेत. परवाच एक मागवला."

"मग वाईट."

"म्हणजे हेच पैसे, हाच रुपया, आन् आता उलटं?"

"बसायची जागा बदलली ना, दाजी."

"पोरांना असंच थोडक्यात सांगत जावा," ते म्हणाले. "न्हाईतर झोपतेत."

पाठीमागून नातीचा आवाज येत होता. अक्काने मला तिचं सांगितलं होतं. बाप कायमचा घरी आला तेव्हा पहिले काही दिवस तिला ते पटतच नव्हतं. दिवसभर ती त्याच्याबरोबर खेळायची, पण संध्याकाळची वेळ झाली की मोबाईल आणून त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, तू बाहेर जा, तिथून फोन कर. मग हा बापडा अंगणात जाऊन, केळीच्या खुंटाला टेकून, घरात फोन लावायचा. ती मोबाईलला डोकं टेकवून नमस्कार करायची आणि मग पळत अंगणात यायची, तो खरंच तिथे आहे का बघायला.

"आता बंद झालं का ते?" मी दाजींना विचारलं.

"झालं की. आता फोन करतच न्हाई. कालपासून म्हणते, बाबा घोरतो, मला आजीजवळ झोपायचं."

त्यावर दाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि मी इकडे, कुणी पेढे न पाठवता, सकाळी सकाळी उगाच खूश झालो.